हातबंडीचा खुलासा

शिक्षक म्हणून नोकरीत कायम होण्यासाठी काय करावं लागतं, याचे नियम छापील होते. दोन वर्षं काम करायचं, वर्गावर वेळेवर जायचं, वह्या तपासायच्या, आणि शिक्षण खात्याच्या तपासनीस साहेबांनी शाळेच्या शेरेबुकात आपल्याबद्दल चार बरे शब्द लिहिले की झालं. अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांचा सिनेमा आपल्याला मराठीत समजावून सांगावा लागेल, असं त्या नियमांत कुठंही नव्हतं. मला मात्र तो सांगावा लागला, आणि त्यातल्या एका शब्दापायी माझं कायम होणं अडून बसलं. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरीही आठवण आली की मी आधी वैतागतो, मग हसतो. वैताग अजूनही आधीच येतो.

तो शब्द म्हणजे बंडी.

आमच्या वऱ्हाडात बंडी म्हणजे बैलगाडी, आणि माणसानं ओढायची ती हातबंडी. माझे वडील अचलपूरला राहत आणि भाजी पिकवून विकत. सकाळी तोडलेली वांगी, मेथीच्या जुड्या, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, हे सगळं हातबंडीवर रचून ते परतवाड्याच्या बाजाराला ओढत नेत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण हातबंडी भरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोणती टोपली चाकाच्या पुढं, कोणती मागं, चढाला काय सरकवायचं, उताराला काय, हे ते नुसत्या नजरेनं ठरवत. "बंडी हातानं नाई ओढत बापू, कमरेनं ओढतात," असं मला सांगत. मी कमरेनं ओढायचा प्रयत्न करी आणि मेथी रस्त्यावर पडे. मग त्यांनीच एक दिवस ठरवलं की याला शिकवलेलं बरं.

मॅट्रिक अचलपूरला झालं. कॉलेजसाठी अमरावतीला गेलो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि ती ज्यांच्यामुळे मिळाली त्या माणसांचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यांतले एक म्हणजे आमचे मराठीचे प्राध्यापक. ते पुण्याहून आलेले होते. त्यांनी मला स्वतःच्या कपाटातली पुस्तकं वाचायला दिली, 'मले' आणि 'तुले' माझ्या जिभेवरून काढले, इंग्रजीच्या सरांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. पण पहिल्याच वर्षी त्यांनी मला ज्या घोळात टाकलं, तोही मी विसरलेलो नाही. 'माझे वडील' या निबंधात मी लिहिलं होतं, "माझे वडील रोज परतवाड्यापर्यंत बंडी ओढतात." वही परत आली तेव्हा त्या ओळीखाली लाल शाईनं लिहिलेलं होतं, "रोज ओढतात, तर फाटत कशी नाही?"

मी दिवसभर विचार केला. बंडी फाटेल कशी? शेवटी मला वाटलं की सरांना चाकाची काळजी असावी. मी त्याखाली नम्रपणे उत्तर लिहिलं, "चाकाला लोखंडी धाव बसवली आहे, सर." वही पुन्हा परत आली. आता तिथं फक्त एक भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं.

आठवड्यानं अमरावतीच्या कापडबाजारात एका दुकानाची पाटी वाचली. 'धोतर, सदरे, बंडी, टोप्या.' मी रस्त्यातच उभा राहिलो. पुण्याकडं बंडी म्हणजे सदऱ्याच्या आत घालायचं बिनबाह्यांचं कापड! म्हणजे माझे वडील रोज आपलं अंतर्वस्त्र ओढत परतवाड्याला जातात, असं मी लिहिलं होतं आणि वर त्याला लोखंडी धाव बसवली होती. त्या दिवशी मी ठरवलं की हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. पुढची चार वर्षं मी कटाक्षानं 'गाडी' म्हणत राहिलो, सुटीत घरी गेल्यावरही. वडील म्हणायचे, "गाडी? कोणती गाडी? रेल्वे आली का आपल्या वावरात?"

बी.ए. झाल्यावर अकोल्यात जठारपेठेच्या बाजूला एका शाळेत इंग्रजी आणि मराठी शिकवण्याची नोकरी लागली. आमचे मुख्याध्यापक मूळचे वऱ्हाडातलेच, तेल्हाऱ्याकडचे. पण त्यांना शुद्ध मराठीचा ध्यास होता. टीपकागदाला ते 'मसिशोष' म्हणत. एकदा शिपाई सांगायला आला, "साहेब, तुमच्या सायकलची हवा गेली." तर त्यांनी त्याला दुरुस्त केलं, "द्विचक्री निर्वात झाली, असं म्हण." शिपायानं ते पाठ केलं आणि मग तो सगळ्यांच्याच सायकली निर्वात झाल्याचं सांगत सुटला. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला नोकरी दिली होती. पण त्यांना एखादी गोष्ट चुकली आहे हे पटवणं म्हणजे भिंतीशी बोलणं होतं.

राज्य नवं झालं होतं. पुण्याकडचे अधिकारी बदलून आमच्याकडं येऊ लागले होते. तसेच एक तपासनीस साहेब सहा महिन्यांपूर्वी अकोल्यात आले. माझी दोन वर्षं त्या एप्रिलात भरत होती. त्याआधी साहेबांची शाळाभेट व्हायची होती. तेवढ्यासाठी मी जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि नेमका तेव्हाच मुख्याध्यापकांना सिनेमा दाखवायचं सुचलं.

मुंबईतल्या एका संग्रहातून शाळांना शैक्षणिक चित्रपट उसने मिळत. त्यांची इंग्रजी यादी आमच्याकडं आली. त्यात एके ठिकाणी छापलं होतं, 'मॉर्मन सेटलर्स, ऐतिहासिक नाट्य.' मुख्याध्यापकांनी त्यावर लाल पेन्सिलीनं खूण केली. "इंग्लंडवरची नॉर्मन स्वारी! नववीला आहे."

मी म्हणालो, "सर, इथं मॉर्मन लिहिलं आहे."

"टंकलेखकाचा दोष. आपल्याही यंत्रात एनला एमचा तिसरा पाय उमटतो."

आमच्या यंत्राबद्दल ते खरं होतं. पण ही यादी आमच्या यंत्रावर टंकलेली नव्हती, छापलेली होती. हे मी सांगेपर्यंत त्यांनी साहेबांच्या कचेरीला पत्रही पाठवलं होतं की नॉर्मन स्वारीवरील ऐतिहासिक चित्रपट, मराठी निवेदनासह, रविवारी दुपारी. साहेबांनी त्याच दिवशी शाळाभेट ठरवली. "आणि निवेदन तुम्ही करायचं, मास्तर. तुमची कसोटीही होऊन जाईल."

चित्रपटाचे डबे गुरुवारी आले. शुक्रवारी दुपारी प्रचार खात्याचा यंत्रचालक प्रोजेक्टर घेऊन आला. सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही तिघांनीच तो आधी पाहून घेतला. पडद्यावर ना राजा, ना धनुष्य, ना जहाज. दाढीवाले पुरुष, टोपड्या घातलेल्या बायका, लाकडी घरं. रात्री तोंडं झाकलेली माणसं येऊन ती घरं पेटवून देतात. अर्धा तास झाल्यावर मुख्याध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, "नॉर्मन अजून आले नाहीत." शेवटी दिवे लागले तेव्हा ते यंत्रचालकाला म्हणाले, "संपला? मग ते आले कधी?"

"कौन, साब?" यंत्रचालक म्हणाला.

मी डब्यासोबत आलेली चार पानांची इंग्रजी माहिती वाचून त्यांना समजावलं. हे मॉर्मन लोक, अमेरिकेतले. शंभरएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांनी एक वेगळा पंथ धरला. शेजाऱ्यांना तो रुचला नाही. घरं जाळली, माणसं मारली. तेव्हा हे सगळे गाव सोडून पश्चिमेकडं निघाले. मागून जे गरीब आले, ज्यांच्याकडं बैल नव्हते, ते हातगाड्यांवर सामान लादून हजारावर मैल चालत गेले. शेवटी डोंगरापलीकडं एका खाऱ्या तळ्याकाठी त्यांनी वस्ती केली.

मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला. "म्हणजे हेही आपलं घर सोडून दुसऱ्या मुलखात गेले. नॉर्मनही गेले. विषय तोच आहे." फळ्यावर लिहिलेली 'नॉर्मन स्वारी'ची सूचना बदलली नाही.

मग मी ती रात्र जागून निवेदन लिहिलं, आणि मुख्याध्यापकांनी ते लाल शाईनं शुद्ध केलं. ते लोक स्वतःला जे म्हणवत त्याचा अर्थ संत, म्हणून मी संत लिहिलं. त्यांनी कापलं. "संत बायकापोरांसह गाड्या ओढतात? मुलं काय समजतील? भाविकजन लिहा." एका म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या दारात त्याच्या चार बायका उभ्या दाखवल्या होत्या, आणि माहितीत तसं सरळ लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी एक बायको ठेवली आणि तिघींना आप्त स्त्रिया केलं. मी तेही उतरवून घेतलं. पण हातगाडीवर लाल रेघ आली तेव्हा मला राहवलं नाही.

"सर, हातगाडीला काय झालं?"

"हातगाडीवर कांदे विकतात, मास्तर. इतिहास विकत नाहीत. हस्तशकट लिहा."

माझे वडील काय करतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते मला बोचावं म्हणून म्हटलं नव्हतं, त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. मी जिथं जिथं हातगाडी होती तिथं तिथं हस्तशकट लिहिलं. एकोणीस वेळा. शेवटी शेवटी माझी लेखणीही अडखळू लागली.

शनिवारी दुपारी वडील आले. मीच मूर्खपणा करून त्यांना कार्ड टाकलं होतं की रविवारी मी शाळेत सर्वांना इंग्रजी सिनेमा समजावून सांगणार आहे. अचलपूरहून अंजनगाव, अकोट करत, मांडीवर पिशवी घेऊन ते सरकारी मोटारीनं आले. पिशवीत वांगी होती.

"वांगे काहून आणले, बाबा? अकोल्यात वांगी मिळतात."

"अकोल्याच्या वांग्याले चव हाये का? खाऱ्या पाण्याचे वांगे!" खोलीभर नजर फिरवून ते म्हणाले, "कायचा सिनेमा हाये?"

मी सांगितलं. ते सगळं नीट ऐकत होते. हातगाड्या म्हणताच पुढं सरकले.

"लोकंच ओढत नेतात? बैल नाई?"

"बैल नाही."

"मंग पायतोच मी," ते म्हणाले. "आजवर सिनेमात कोणाले बंडी ओढताना पायलं नाई."

रविवारी दुपारी सभागृह भरलं. घोंगड्यांनी खिडक्या बंद, त्यामुळे आत भट्टी झालेली. साहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर, रुमालानं मान पुसत. बाजूला मुख्याध्यापक. वडील सगळ्यात मागं, शिपायाच्या बाकावर. ध्वनिवर्धक नव्हता, म्हणून खेळाच्या मास्तरांचा पत्र्याचा कर्णा मला दिलेला. सिनेमातलं इंग्रजी बोलणं यंत्रचालकानं बारीक केलं आणि मी सुरुवात केली.

पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की शुद्ध मराठी लांब असतं आणि चित्रपट थांबत नाही. मी वाचत होतो, "तदनंतर हे भाविकजन आपापली गृहोपयोगी सामग्री हस्तशकटांवर स्थापन करून पश्चिम दिशेस प्रयाण करते झाले." मी 'झाले' म्हणेपर्यंत ते भाविकजन नदी ओलांडून गेलेही होते, आणि एक बाई कशासाठी तरी रडत होती. ती का रडते ते पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं तर ती हसू लागली.

"मास्टरजी, जल्दी बोलो," यंत्रचालक मागून ओरडला. "मशीन नहीं रुकती!"

मुलांमध्ये कुजबूज सुरू झाली. "शकट म्हणजे काय बे?" एकजण म्हणाला, "शकटासूर! कृष्णानं मारला तो." मग ते रांगेरांगेत पसरलं. मुलं टक लावून राक्षसाची वाट पाहू लागली, आणि माझी खात्री आहे की मुख्याध्यापक अजूनही नॉर्मनांची वाट पाहत होते. त्या भट्टीत सिनेमा खरोखर पाहत होता तो एकच माणूस, आणि त्यालाही माझं एक अक्षर कळत नव्हतं. मी सहाव्यांदा की सातव्यांदा हस्तशकट म्हटलं तेव्हा तो माणूस मागच्या बाकावरून, त्याला वाटत होतं की हळूच, पण सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा बोलला,

"कायचं शकट म्हणून रायला बापू? बंडी हाये न ते! हातबंडी!"

सभागृह खो खो हसलं. पण ते हसणं निराळं होतं. एवढा वेळ अडलेलं काही मोकळं झालं, तसं. "हातबंडी! हातबंडी हाये बे!" मुलं एकमेकांना सांगू लागली.

मी कर्णा धरून उभा. पुढच्याच ओळीत पुन्हा हस्तशकट. पहिल्या रांगेत साहेबांची पाठ मला दिसत होती, आणि तिच्याकडं पाहून मला अमरावतीचं ते लाल शाईचं वाक्य आठवत होतं. इतकी वर्षं मी तो शब्द तोंडाबाहेर काढला नव्हता. पण पडद्यावर माणसं चढ चढत होती, दम टाकत होती, आणि इथं त्यांची गोष्ट कुणालाच कळत नव्हती. मला साहेबांपेक्षा त्या कागदाचा राग आला. मी तो खाली ठेवला.

"ह्या हातबंड्या आहेत," मी म्हणालो. "ह्यांच्याजवळ बैल नाहीत. नवरा पुढून ओढतो, बायको मागून ढकलते. पोरगं वर बसलं आहे, कारण त्याचे पाय फुटले आहेत."

त्यानंतर मी घरी सांगतो तसं सांगत गेलो. एक 'मले'ही निघून गेलं असेल. सभागृह चिडीचूप झालं. पडद्यावर त्या जोडप्यानं चढावर बंडी थांबवली, नवऱ्यानं एक मोठी पेटी उचलून मागच्या बाजूला ठेवली आणि ते पुन्हा चढाला लागले. मागून वडिलांचा आवाज आला. आता ते कुजबुजतही नव्हते.

"अरे, मांगं वजन केलं त्यानं! उलार होईन! सांगा त्याले कोणी!"

आणि बंडी उलार झाली. पुढचा दांडा नवऱ्याच्या हातातून सुटून वर गेला, पेटी घरंगळली, पोरगं दगडांवर पडलं ते उठलंच नाही. सगळी मुलं एकदम मागं वळली आणि शिपायाच्या बाकाकडं पाहू लागली. पडद्यावरच्या गोष्टीआधी ती कळलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. साहेबही वळले.

पुढं बर्फ आलं. नवरा थंडीनं गेला. बायको एकटी बंडी ओढू लागली. तेव्हा मी कर्णा खाली घेतला. शेवटी ते लोक खाऱ्या तळ्याकाठी पोचले, गुडघे टेकून रडले. मी म्हणालो, "हे तळं मिठाचं आहे. पाणी खारं."

"खारं पाणी?" मागून आवाज. "मंग एवढ्या दूर काहून गेले? दर्यापूरले आले असते!"

आमच्या शाळेत दर्यापूरच्या खारपट्ट्यातली बरीच मुलं होती. त्यांनी जो गोंधळ केला, त्यात सिनेमा कधी संपला ते कळलंच नाही.

मला वाटलं, फार चांगलं झालं. मुलं घोळका करून वडिलांना विचारत होती की बंडी कशी भरायची, आणि ते खिडक्यांच्या घोंगड्या बाकावर रचून दाखवत होते. तेवढ्यात शिपाई आला. "सर, मुख्याध्यापक साहेबांनी बोलावलं." साहेब शेरा लिहून निघून गेले होते. मुख्याध्यापकांनी शेरेबुक माझ्यापुढं सरकवलं.

"चित्रपट बोधप्रद. शिक्षकाचा आवाज स्पष्ट. तथापि गाडीस बंडी असे संबोधून पात्रे बंडी ओढीत डोंगर चढतात, असे शिक्षकाने वारंवार सांगितले. वस्त्र व वाहन यांतील भेद ज्यास शब्दांत राखता येत नाही त्याने मराठी शिकवावे काय, याचा विचार व्हावा. तूर्त कायम करू नये."

मी ते तीनदा वाचलं. "सर, तुम्हाला तर ठाऊक आहे. तुम्ही तेल्हाऱ्याचे. तुमच्या घरीही बंडीच म्हणत असतील."

"अर्थातच ठाऊक आहे."

"मग तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी फार लहान आहे. "मी सांगितलं असतं, तर तो शब्द मलाही येतो हे त्यांना कळलं नसतं का?"

मी म्हणालो, मी लेखी खुलासा देतो, तुम्ही पुढं पाठवा. ते म्हणाले, अवश्य, फक्त शाळेच्या पत्रव्यवहारात तो शब्द यायला नको. मी एक मसुदा केला. "सदर शब्द आमच्या भागात वाहनवाचक आहे." मुख्याध्यापकांना तो पसंत पडला. पण सदर शब्द कोणता, हे त्यात कुठंच नव्हतं. तो कागद वाचून साहेबांना वाटलं असतं की मी आता हस्तशकटाबद्दल बोलतो आहे. मी मसुदा फाडला. बंडी फाटत नाही, पण कागद फाटतो.

खोलीवर आलो तर वडील वांगी चिरत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्या बोललो म्हणून झालं."

"नाही बाबा. मी बोललो म्हणून झालं."

"तू शकट म्हणून रायला असता तं कायम झाला असता?"

"झालो असतो."

त्यांनी विळी बाजूला ठेवली. "उद्या सकाळी साहेबाकडं जाऊ."

"मी जाईन. तुम्ही नको."

"मी येतो."

सकाळी मला जाग आली तर ते खोलीत नव्हते. बाहेर आलो. दारात वडील उभे, आणि त्यांच्या हातात हातबंडी. जठारपेठेत भाजी विकणारा आमच्या नात्यातला एक माणूस होता, त्याची ती मागून आणली होती. वर कोबीच्या दोन टोपल्या.

"बाबा, हे काय?"

"साहेबाले दाखवू."

मी त्यांना हात जोडले. म्हणालो, बाबा, तिथं अर्ज द्यायचा असतो, बंडी न्यायची नसते. मी पदवीधर आहे, माझी लाज राखा. ते म्हणाले, "तुह्या अर्जात बंडी लिवता येत नाई म्हणतो न तुहा हेडमास्तर? मंग बंडीच न्या लागन." आणि ते चालू लागले. मी अर्ज खिशात घालून, रस्त्यातून कुणी विद्यार्थी पाहत नाही ना हे बघत, मागून चाललो. सगळे विद्यार्थी पाहत होते. त्यांतले दोघं ढकलायला आले.

साहेबांच्या फाटकापाशी वडिलांनी बंडी उभी केली आणि हाक मारली. साहेब बाहेर आले. सकाळची वेळ. कमरेला धोतर, आणि अंगात शुभ्र, बिनबाह्यांची बंडी.

"साहेब," वडील दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बंडी हाये."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, बंडीकडं पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "अहो, आणि ही मग काय?"

वडिलांनी नीट निरखून पाहिलं. "ते बनियान हाये, साहेब."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब फाटक उघडून बाहेर आले होते.

"काल 'उलार' म्हणून ओरडलात ते तुम्हीच?"

"मीच. त्याले वजन भरता येत नवतं."

"आमच्या गावालाही उलारच म्हणतात," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "माझ्या चुलत्याची गाडी एकदा घाटात उलार झाली होती." मग ते बंडीभोवती फिरले. वडिलांनी एक टोपली मागं सरकवून दाखवली. "आता ओढा, साहेब." मी नको नको म्हणेपर्यंत साहेबांनी दांडा धरला. दांडा एकदम वर गेला, साहेब चवड्यांवर आले, आणि कोबीचे गड्डे रस्त्यावर घरंगळले. वडिलांनी टोपली पुढं घेतली. "आता ओढा." बंडी चालू लागली. साहेब तिच्यासोबत दहा पावलं गेले आणि दहा पावलं परत आले. घामानं त्यांची बंडी, म्हणजे अंगातली, भिजून गेली होती.

"एकदा लिहिलेला शेरा खोडता येत नाही," ते मला म्हणाले. "नियम तसा आहे. पण पुरवणी शेरा लिहिता येतो. कागदावर मांडा सगळं. शब्दासकट."

मी तिथंच त्यांच्या ओट्यावर बसून खुलासा लिहिला आणि त्यात हातबंडी हा शब्द सात वेळा लिहिला. मुख्याध्यापकांना मी तो दाखवला नाही. त्यांनीही विचारलं नाही. शाळेच्या वार्षिक अहवालात मात्र त्यांनी लिहिलं की 'नॉर्मन स्वारीवरील चित्रपटास विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.'

सुटीच्या आधी कायम झाल्याचा हुकूम आला. मी तो घेऊन अचलपूरला गेलो आणि वडिलांना वाचून दाखवला. "उपरोक्त शिक्षकाचा खुलासा समाधानकारक आहे. हातबंडी हे वाहन असून ते मनुष्यबळाने चालते, असे प्रत्यक्ष पाहणीअंती आढळून आले. सबब पूर्वीचा आक्षेप मागे घेऊन त्यांस सेवेत कायम करण्यात येत आहे."

वडील मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी मला ती मधली ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

"बंडी माणूस ओढते," ते म्हणाले, "हे सांगाले सरकारले एवढा मोठा कागद लागला?"

मी म्हणालो, "हो बाबा."

"मंग त्या सिनेमातल्या बिचाऱ्याइले बंडी कशी भराची ते कोणी सांगतलं असतं तं, ते पोरगं तरी वाचलं असतं," ते म्हणाले, आणि उठून बंडी भरायला गेले. पुढची टोपली त्यांनी मला उचलू दिली नाही.